नाव मँटनचं, पोलाद माउझरचं

मागच्या भागात आपण पलटणीतल्या रायफली पाहिल्या. आज शिकारीच्या जुन्या रायफलीबद्दल बोलू या, आणि तेही एकाच प्रश्नाभोवती. नळीवर ज्याचं नाव कोरलेलं आहे, त्यानेच ती रायफल बनवलेली असते का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे राजवाड्यांत, वाड्यांत, जमीनदारांच्या घरात ज्या विलायती रायफली म्हणून जपल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरींवर दुकानाचं नाव आहे. दुकान कलकत्त्याचं, मुंबईचं, मद्रासचं किंवा लंडनचं. आतला सांगाडा मात्र जर्मनीत, ऑस्ट्रियात किंवा बर्मिंगहॅमच्या एखाद्या गल्लीत घडलेला. हे कळून काय करायचं, असं कुणी म्हणेल. घरात अशी वस्तू असेल आणि ती वारसाने तुमच्या नावावर यायची असेल, तर बरंच काही करायचं असतं. ते पुढे सांगतो.

मी निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झालो. या गावात हा विषय टाळताच येत नाही. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, राजवाड्यात शस्त्रं पूजेला मांडतात. ऐंशीएक किलोमीटरवर बंदीपूर आहे, जिथे एके काळी महाराजांची शिकार चाले. १९४१ साली त्याच भागात वेणुगोपाल वन्यजीव उद्यान झालं आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प आला. शिवाय याच गावात व्हॅन इंगेन यांचा कारखाना होता. मारलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी पेंढा भरून जिवंतासारखी उभी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. देशभरातल्या संस्थानिकांचा माल इथे यायचा. १९९९ साली तो कारखाना बंद झाला. चाळीस हजारांहून जास्त वाघ आणि बिबटे त्या एका कारखान्यातून गेले असं त्यांच्या नोंदींवरून सांगतात. हा आकडा ऐकला की माझ्या तरी घशात काहीतरी अडकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली हे फार चांगलं झालं, एवढं सांगून पुढे जातो. आजचा विषय शिकार नाही, हत्यारावरचं नाव आहे.

मुंबईकरांनी काळा घोड्याला ‘आर्मी अँड नेव्ही’ची इमारत पाहिली असेल. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही १८७१ साली लंडनमध्ये अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेली सहकारी संस्था. आपल्या कॅन्टीनचं पणजोबा म्हणा हवं तर. साबण, तंबू, वाइन, खोगीर, सगळं तिथे मिळायचं, आणि बंदुकाही. त्या बंदुकांवर ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ असं कोरलेलं असे. पण संस्थेचा बंदुकांचा कारखाना नव्हताच. त्यांच्या नावाच्या कित्येक बंदुका बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने बनवल्या. कलकत्त्याला मँटन, रॉडा, लायन अँड लायन अशी नावं होती. मद्रासला पी. ऑर अँड सन्स. ते घड्याळांसाठी प्रसिद्ध, पण त्यांचं नाव बंदुकांवरही सापडतं. घड्याळजीने बंदूक कशी बनवली, असं कोड्यात पडायचं कारण नाही. त्याने ती विकली.

आता तुम्ही म्हणाल, ही फसवणूकच की. मला तसं वाटत नाही. येवल्यात विणलेली पैठणी पुण्याच्या दुकानाच्या डब्यात येते, तेव्हा दुकानदार स्वतः मागावर बसला होता असं आपण समजत नाही. आपण त्याची निवड आणि त्याचा शब्द विकत घेतो. त्या काळचा बंदुकांचा धंदा असाच तुकड्या-तुकड्यांत विभागलेला होता. एक जण नळी ओढायचा, दुसरा बोल्ट आणि ॲक्शन बनवायचा, तिसरा अक्रोडाचा दस्ता घडवायचा, चौथा नक्षी कोरायचा. अर्धवट, पॉलिश न केलेला माल एका हातातून दुसऱ्या हातात जाई, आणि शेवटी ज्याच्या दुकानातून तो बाहेर पडे त्याचं नाव वर येई. गिऱ्हाईक हजारो मैलांवर, मध्य प्रांताच्या जंगलात. चाप अडकला, दस्ता तडकला, तर तो जर्मनीला पत्र लिहिणार होता थोडाच? त्याला कलकत्त्याचं दुकान जवळचं होतं. दुरुस्ती तिथे, काडतुसं तिथे, आणि राजेसाहेबांची उधारीही तिथेच. नाव दुकानाचं, तशी जबाबदारीही दुकानाची.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेटची रायफल. १९०७ साली कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. ४३६ माणसं तिने घेतली असं मानतात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी त्याला .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. दस्त्यावर तसा चांदीचा पत्रा आहे. आता हिची कुंडली मांडू. रिग्बी लंडनचे, आणि त्यांच्या वहीतली नोंद सांगते की १९०५ साली ही रायफल कलकत्त्याच्या मँटनला विकली गेली. म्हणजे भेट देणाऱ्याला ती मँटनकडून मिळाली. आणि जिच्यावर सगळी मदार असते ती ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि त्याचं घर, जर्मनीत नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर कारखान्यातली. १८९८ च्या सुमारास रिग्बीने माउझरची ब्रिटनमधली एजन्सी घेतली होती आणि १९१२ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. जर्मन सांगाडा, लंडनची फिनिशिंग, कलकत्त्याचा विक्रेता, नैनितालचा शिकारी. यातलं कोणतं नाव ‘खरं’? चारही खरी आहेत. फक्त प्रत्येक नाव वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मँटन या नावाची आणखी एक गंमत. लंडनचा जोसेफ मँटन हा बंदुकांच्या इतिहासातला फार मोठा कारागीर. तो वारला १८३५ साली. त्याच्या काळी बंदूक तोंडाने भरत, आधी दारू, मग गोळी. त्यामुळे बोल्टच्या रायफलीवर मँटन दिसलं आणि कुणी ‘ही जो मँटनच्या हातची आहे’ म्हणून किंमत वाढवून सांगू लागलं, तर चहा पिऊन शांतपणे उठून यावं.

आता काडतुसांच्या नावाकडे येतो. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. युरोपात बोअर मिलिमीटरमध्ये मोजतात, इंग्रज इंचात मोजत. युरोपीय काडतूस इंग्रजी दुकानात आलं की त्याचं बारसं नव्याने होई. भागाकार करून पाहा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ७ ला २५.४ ने भागा, .२७५ येतात. माउझरचं ७ बाय ५७ हे काडतूस रिग्बीच्या दुकानात .२७५ रिग्बी झालं ते असं. साडेसहा मिलिमीटरला भागा, .२५६ येतात. ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफली आपल्याकडे ‘टू फाइव्ह सिक्स’ म्हणून ओळखल्या गेल्या त्या याच. साडेनऊ मिलिमीटरचे झाले .३७५. आणि ८ मिलिमीटरचे झाले .३१५.

थांबा, हा शेवटचा आकडा ओळखीचा वाटला ना? उत्तर भारतात ज्याला ‘तीन सौ पंद्रह बोर’ म्हणतात तोच. ब्रिटिश सरकारला लष्कराचं .३०३ काडतूस खासगी हातात जायला नको होतं. ते चोरून बंडखोरांना पोहोचेल ही भीती. म्हणून त्याच धाटणीच्या ली रायफलीत ऑस्ट्रियन लष्कराचं ८ बाय ५० कडेवालं मॅनलिकर काडतूस बसवलं आणि बी.एस.ए.सारख्या इंग्रज कंपन्यांनी ते हिंदुस्थानात विकलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने हीच .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली. पीक राखणारे शेतकरी आणि बँकेचे पहारेकरी यांच्या हातात दिसणारी ती. तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनतात. पितळेच्या बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरं दिसतात, म्हणजे किर्की फॅक्टरी. ज्या ऑस्ट्रियन साम्राज्याचं हे काडतूस, ते १९१८ साली संपलं. काडतूस मात्र खडकीत चालू राहिलं.

अशाच एका बंदीतून दुसरी पिढी जन्मली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला मनाई केली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर लोकांच्या हातात होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून. इंग्रज बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी थोडी वेगळी बोअर काढली. हत्तीवरच्या जड दोननळी रायफलींचे आकडे असे विचित्र का, त्याचं कारण हे.

.२७५ चा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेच्या शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेला ज्या रायफलींनी जेरीस आणलं, त्या याच ७ बाय ५७ च्या माउझर. ज्या काडतुसाने मार खाल्ला, तेच काडतूस नवं नाव लावून साहेबांनी शिकारीला नेलं. आणि आमच्या म्हैसूरच्या त्या व्हॅन इंगेन कारखान्यात, संस्थापक युजीन यांच्या मुलांची नावं काय होती? बोथा, डी वेट आणि जूबेर. तिन्ही बोअर सेनापतींची नावं. म्हैसूरसारख्या इंग्रजधार्जिण्या संस्थानात राहून मुलांची अशी नावं ठेवणारा माणूस मला भेटायला आवडला असता.

कलकत्त्याच्या दुकानांचं परदेशाशी किती थेट नातं होतं, हे रॉडा प्रकरणातून दिसतं. २६ ऑगस्ट १९१४ ला, महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, बंगालच्या क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार गोळ्या पळवल्या. इंग्रजी नावाची कंपनी, जर्मन माल. दुकानाचं नाव वाचून मालाचं गाव ठरवायचं नाही, ते यासाठीच.

मग गाव ठरवायचं कशावरून? प्रूफच्या शिक्क्यांवरून. युरोपात नवी नळी जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासायची आणि टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा, असा कायदाच होता. दुकानदार नाव बदलू शकतो, शिक्का बदलू शकत नाही. हे शिक्के नळीच्या मागच्या टोकाला, बरेचदा दस्त्याखाली लपलेल्या बाजूला असतात. बर्मिंगहॅमचे मुकुटाखाली ‘बी.पी.’ आणि ‘बी.व्ही.’ अशी अक्षरं. जर्मनीचे मुकुटाखाली एकेकटं अक्षर, ‘एन’ म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी, ‘जी’ म्हणजे आटे असलेली नळी, ‘यू’ म्हणजे अंतिम तपासणी. काही जर्मन नळ्यांवर चाचणीचा महिना आणि वर्षही असतं. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का लंबगोल, आत ‘ई.एल.जी.’ ही अक्षरं. नळीच्या पोलादावर ‘क्रुप’ किंवा ‘ब्योलर’ कोरलेलं असेल तर पोलाद अनुक्रमे जर्मन किंवा ऑस्ट्रियन. इंग्लंडमध्ये तपासलेल्या परदेशी नळ्यांवर ‘नॉट इंग्लिश मेक’ असंही ठोकत. दुकानदाराला ते फारसं आवडत नसावं. ते नेहमी अशा ठिकाणी सापडतं जिथे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही.

आता हे सगळं तुमच्या कामाचं कसं, ते सांगतो. गेल्या वर्षी इंदूरहून एका ताईंचा फोन आला. आजोबा होळकर संस्थानात नोकरीला होते, त्यांची शिकारीची रायफल. वडील गेल्यावर ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला, तो अडकला. का? परवान्यावर बनावट ‘मँटन’ आणि एक नंबर. विक्रेत्याने रायफल तपासून जो नंबर कळवला तो दुसराच. कार्यालयाला वाटलं रायफलच बदलली आहे. ताई म्हणाल्या, “सर, आता आमच्यावर चोरीचा आळ यायचा राहिलाय.”

मी म्हटलं, “ताई, विक्रेत्याला दस्ता उतरवून सगळ्या खुणांचे फोटो काढायला सांगा. तुम्ही स्वतः हात लावू नका.”

फोटो आले. नळीवर वरच्या बाजूला मँटन आणि दुकानाचा नंबर. खाली, लाकडात लपलेल्या भागावर जर्मन शिक्के आणि कारखान्याचा नंबर. रायफल एकच, नंबर दोन. एक विकणाऱ्याच्या वहीतला, एक बनवणाऱ्याच्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने जो समोर दिसला तो लिहिला, आणि आता तपासणाऱ्याने दुसरा वाचला. दोघांचंही चुकलं नव्हतं. ताईंनी दोन्ही नंबर, फोटो आणि विक्रेत्याचं लेखी पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला, आणि त्यानंतरच वारसाच्या अर्जाची फाइल हलली.

त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट निघाली, तिने मी जास्त दचकलो. एका चुलत भावाकडे जुन्या काडतुसांचा डबा होता, वर नुसतं ‘८ मि.मी. माउझर’ लिहिलेलं. त्यांची रायफल त्या बोअरची नव्हती, म्हणून निभावलं. पण ‘आठ एम.एम.’ हे शब्द फसवे आहेत. जर्मनीचं जुनं ८ बाय ५७ काडतूस .३१८ इंच जाडीच्या गोळीचं. नंतर लष्कराने गोळी .३२३ इंचाची केली आणि दाब वाढवला. जुन्या, अरुंद नळीत नवं काडतूस बसतं, उडतंही, पण दाब नळीला पेलेलच असं नाही. बोल्ट डोळ्यांपासून चार इंचांवर असतो हे लक्षात ठेवा. वर आणखी एक गोंधळ म्हणजे इंग्रजांचं .३१८ वेस्टली रिचर्ड्स. ते वेगळंच काडतूस, आणि त्याची गोळी प्रत्यक्षात .३३० ची. आणि आपलं ईशापूरचं .३१५, तेही आठ मिलिमीटर, पण पूर्णपणे निराळं. नाव सारखं म्हणून काडतूस सारखं, असं कधीही समजू नका. शिवाय त्या डब्यासाठीही परवाना लागतो. घरात सापडला तर तो पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा. माळ्यावर परत ठेवू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. परवानाधारक वारला की त्याचं शस्त्र घरात ठेवायचा हक्क संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि पावती घ्यायची. ‘तेरावा झाल्यावर पाहू’ असं करत सहा महिने घालवणारी घरं मी पाहिली आहेत. त्रास होतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. धारक हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठली किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं झाली, की ते वारसाच्या नावे करता येतं. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे आत्ताच करावं. परवान्यावरच्या नोंदीची विसंगती ज्याला समजावून सांगता येते असा माणूस हयात असतो, हा त्यातला मोठा फायदा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा तीन भावंडांत वाटणी करताना हेही पाहा.

दुकानाच्या नावाचाही उपयोग आहे, ते पुसू नका. लंडनच्या जुन्या घराण्यांनी विक्रीच्या वह्या जपल्या आहेत. रिग्बी किंवा वेस्टली रिचर्ड्सला नंबर कळवला आणि शुल्क भरलं, तर रायफल कधी, कुणाला, कोणत्या बोअरमध्ये विकली हे ते शोधून सांगतात. आर्मी अँड नेव्हीच्या बंदुकांच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अर्जासोबत असा कागद जोडला तर कार्यालयातही त्याचं वजन पडतं.

विक्रेत्याकडे जाताना मागायचे फोटो असे: नळीवरचं पूर्ण लेखन, ॲक्शनच्या डाव्या बाजूचं लेखन, बोल्टवरचा नंबर, दस्ता उतरवून नळीच्या तळाचे सगळे शिक्के, आणि चेंबरच्या साच्याचं माप. साचा घ्यायचं काम कुशल बंदूकदुरुस्त्याचं, घरी करायचं नाही. आणि शिक्के पुसट आहेत म्हणून कुणी पॉलिश मारून देतो म्हणालं, तर मारू देऊ नका. नंबर खोडणं हा गुन्हा आहे, आणि पॉलिशवाल्याच्या हाताला शिक्का कुठला, नंबर कुठला, हे कळत नाही.

पुढच्या भागात बाराबोरच्या दोननळी बंदुका घेऊ. त्यांच्यातली लिएजची नावं तर याहून मजेशीर आहेत.